साथीचा कायदा मालकाची जबाबदारी काढून घेत नाही

साथीची नुसती बातमी आली तरी एक मजकूर पुन्हा फिरायला लागतो. मला तो पहिल्यांदा 2020 च्या उन्हाळ्यात आला. वर ‘मालकांसाठी कायदेशीर माहिती’ असं लिहिलेलं, खाली कोणाचंही नाव नाही. म्हणणं असं, की साथरोग कायदा लागू झाला की कामगार कायदे थांबतात. काम नाही तर पगार नाही. कलम 4 मुळे मालकावर दावा लागत नाही. कामावर येताना संसर्ग झाला तर तो ज्याचा त्याचा. भीतीने न येणाऱ्याला लगेच काढता येतं. आणि वकिलांच्या, सीएंच्या ऑफिसांना तर यातलं काहीच लागू नाही.

मी तेव्हा मुंबईतल्या एका लॉ फर्ममध्ये पॅरालीगल, म्हणजे वकिलांना कागदपत्रांच्या कामात मदत करणारी, होते. हा मजकूर खरा मानून लोकांनी सह्या केलेले कागद माझ्या टेबलावर आले आहेत. कुणी राजीनामा दिलेला, कुणी ‘बिनपगारी रजेला माझी संमती आहे’ असं लिहून दिलेलं. म्हणून एकेक मुद्दा घेते.

आधी कलम 4, कारण मजकुराला कायदेशीर वजन त्याच्यामुळे येतं. 1896 मध्ये मुंबईत गाठीच्या प्लेगची साथ आली आणि पुढच्याच वर्षी इंग्रज सरकारने साथरोग कायदा केला. मूळ कायदा अवघ्या चार कलमांचा. पहिल्यात नाव आणि व्याप्ती, दुसऱ्यात सरकारला तात्पुरते नियम करण्याचा अधिकार, तिसऱ्यात ते नियम मोडणाऱ्याला शिक्षा. चौथं म्हणतं, की या कायद्याखाली सद्भावनेने केलेल्या कृतीबद्दल कोणत्याही व्यक्तीवर दावा चालणार नाही. मजकुरात ‘कोणत्याही व्यक्तीवर’ एवढंच उचललंय, ‘या कायद्याखाली’ हे शब्द गाळलेत. घरोघर तपासणी करणारा पालिकेचा कर्मचारी किंवा प्रवाशाला अडवणारा अधिकारी या कायद्याखाली काम करत असतो. पगार कापणारा मालक या कायद्याखाली काहीच करत नसतो, त्यामुळे हे संरक्षण त्याच्यापर्यंत पोचतच नाही.

उलट तिसरं कलम त्याच्यापर्यंत नक्की पोचतं. सरकारी आदेश मोडला तर तेव्हा भारतीय दंड संहितेचं कलम 188 लागायचं, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं 223 लागतं. त्या आदेशभंगाने लोकांच्या आरोग्याला धोका झाला, तर आता एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. 2020 मध्ये याच्या जोडीला 2005 चा आपत्ती व्यवस्थापन कायदाही होता. त्याच्या कलम 51 मध्ये एक वर्षापर्यंत आणि आदेश मोडल्यामुळे जीव गेला तर दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. कंपनीने गुन्हा केला तर जबाबदार माणसं कोण, तेही कलम 58 सांगतं.

कामगार कायदे थांबतात, हा दावा तर सर्वोच्च न्यायालयात तपासून झालाय. 17 एप्रिल 2020 ला गुजरात सरकारने अधिसूचना काढून कारखान्यांत 12 तासांची पाळी आणि आठवड्याला 72 तास काम चालेल असं ठरवलं, ओव्हरटाइमही साध्या दराने. आधार घेतला कारखाने कायद्याच्या कलम 5 चा, म्हणजे सार्वजनिक आणीबाणीचा. गुजरात मजदूर सभा ही कामगार संघटना न्यायालयात गेली. 1 ऑक्टोबर 2020 ला न्यायालयाने ती अधिसूचना रद्द केली. महासाथ कितीही मोठी असली तरी त्या कलमातली, देशाच्या सुरक्षेला धोका असलेली आणीबाणी ती नव्हे, असं सांगितलं आणि ओव्हरटाइम दुप्पट दरानेच द्यायला लावला. सरकारने रीतसर अधिसूचना काढूनही जे टिकलं नाही, ते मालकाच्या तोंडी सांगण्याने कसं टिकेल?

आता पगार. इथे मजकूर खोटा आहेच, पण त्याला उत्तर म्हणून कामगारांच्या ग्रुपवर जे फिरतं तेही पुरतं खरं नाही, म्हणून जरा सावकाश जाऊ. 29 मार्च 2020 ला केंद्रीय गृह मंत्रालयाने आदेश काढला, की टाळेबंदीत बंद असलेल्या आस्थापनांनीही कामगारांना कपात न करता वेतन द्यावं. तो आदेश 18 मे पासून मागे घेतला गेला. मधल्या दिवसांचं काय, यावर मालक न्यायालयात गेले आणि 12 जून 2020 ला सर्वोच्च न्यायालयाने मालकांवर सक्तीची कारवाई करू नका, दोन्ही बाजूंनी बोलणी करून तडजोड करा, असं अंतरिम निर्देशात सांगितलं. मजकुरवाले इथे थांबतात आणि ‘न्यायालयाने पगार माफ केला’ असं लिहितात. न्यायालयाने पगार माफ केलेला नाही. कारवाई थांबवली आणि वाद बोलण्यांकडे पाठवला.

आपल्या मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्याआधी काय केलं तेही बघा. एका कंपनीच्या याचिकेत 30 एप्रिलला त्याने प्रवास आणि जेवणाचा भत्ता वगळून पूर्ण वेतन द्यायला सांगितलं. मात्र टाळेबंदी उठलेल्या भागात काम सुरू झाल्यावर जो स्वतःहून येणार नाही, त्याचं वेतन कापता येईल, असंही बजावलं. 12 मे ला तुळजापूरच्या तुळजाभवानी मंदिर संस्थानातल्या कंत्राटी कामगारांचं प्रकरण आलं. देऊळ बंद, त्यामुळे काम बंद. अशा असाधारण परिस्थितीत ‘काम नाही तर वेतन नाही’ हे तत्त्व लावता येणार नाही, असं खंडपीठाने म्हटलं. हे दोन आदेश एकत्र वाचले की रेघ दिसते. काम मालकाने किंवा सरकारने बंद ठेवलं असेल तर एक उत्तर, काम चालू असून कामगार आला नाही तर दुसरं. म्हणून ‘साथीत पूर्ण पगार मिळतोच’ असंही कुणाला सांगू नका.

कारखाना असेल तर ले-ऑफचा, म्हणजे काम नसताना कामगाराला तात्पुरतं घरी बसवण्याचा, रस्ता तेव्हाही होता. 50 किंवा अधिक कामगार आणि वर्षाची सलग नोकरी असेल तर मूळ वेतन आणि महागाई भत्त्याच्या निम्मी भरपाई. 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या श्रमसंहिता आल्या तरी हा निम्म्याचा नियम कायम आहे. म्हणजे काम खरंच नसेल तेव्हाही कायद्याने ठरवलेला आकडा शून्य नाही.

वकिलांच्या ऑफिसांना काही लागू नाही, हा मुद्दा मला सगळ्यात जास्त लागतो, कारण त्याची किंमत आमच्याच खोलीत मोजली गेली.

जुलै 2020. खासगी ऑफिसला 10 टक्के किंवा 10 जण, जे जास्त असेल तेवढ्यांची मुभा. आम्ही एकूण 14 आणि आलो होतो 13. अपिलाची मुदत संपतेय, तीन सेट आजच हवेत, असा फोन आला होता. खिडकी न उघडणारी खोली, एसी चालू. मी इंडेक्स करत होते आणि आमचे क्लार्क काका पानांवर नंबर मारत होते. तीस वर्षांची सवय. पान उलटायला बोट जिभेला लावायचं. दर तिसऱ्या-चौथ्या पानाला मास्क हनुवटीवर यायचा, बोट ओलं व्हायचं, मास्क परत वर जायचा. तोच सेट मग माझ्याकडे, माझ्याकडून झेरॉक्सवाल्याकडे. पाचव्या दिवशी काकांना ताप आला. ते 19 दिवस घरी राहिले आणि त्या 19 दिवसांचा पगार कापला गेला.

ज्या मुदतीसाठी बोलावलं ती मुदत संपत नव्हतीच. सर्वोच्च न्यायालयाने 23 मार्च 2020 ला स्वतःहून दखल घेऊन 15 मार्चपासूनच्या सगळ्या मुदती वाढवल्या होत्या, आणि ती सवलत पुढे 28 फेब्रुवारी 2022 पर्यंत चालली. हे लॉ फर्मला माहीत नसावं, असं मी मानू शकत नाही.

महाराष्ट्राचा 2017 चा दुकाने व आस्थापना कायदा वकिलांच्या कार्यालयाला व्याख्येतच धरतो. तेव्हा तो 10 किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी पूर्ण लागू व्हायचा, 2025 मध्ये ती मर्यादा 20 वर नेली. स्वच्छता आणि हवा खेळती ठेवणं त्यात मालकाचं कर्तव्य आहे. वर्षाला आठ नैमित्तिक रजा आहेत, शिवाय अर्जित रजा 45 दिवसांपर्यंत साठतात. काकांच्या रजा शिल्लक होत्या. आम्ही दोघांनी बसून दोन पानांचं पत्र लिहिलं, रजेचा हिशेब जोडला, आणि पुढच्या महिन्यात त्यांचे पैसे जमा झाले.

संसर्ग ज्याचा त्याचा, यावर थोडक्यात. 15 एप्रिल 2020 च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत तापमान तपासणी, सॅनिटायझर, दोन पाळ्यांमध्ये अंतर, जेवणाच्या वेगळ्या वेळा हे सगळं मालकाच्या माथी होतं. एखादा कामगार पॉझिटिव्ह निघाला म्हणून मालक तुरुंगात जातो, ही भीतीही खोटी. 23 एप्रिलला गृह मंत्रालयाने स्पष्ट केलं, की मालकाची संमती, माहिती किंवा हलगर्जी असेल तरच कारवाई. नुकसानभरपाईचं म्हणाल तर 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात संसर्गाचा खास धोका असलेली कामं होती, दवाखाना आणि प्रयोगशाळा त्यात थेट येत. साध्या ऑफिसातल्या माणसाला संसर्ग कामातूनच झाला, हे सिद्ध करणं जड जातं. ज्यांचं ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचं अंशदान, पगारातून कापलं जात होतं त्यांना मात्र हे सिद्ध करावं लागत नव्हतं. आजारपणात वर्षाला 91 दिवसांपर्यंत वेतनाच्या 70 टक्के, आणि कोविडने मृत्यू झाला तर अटी पुऱ्या करणाऱ्यांच्या अवलंबितांना सरासरी वेतनाच्या 90 टक्के. कित्येक घरांनी हा अर्जच केला नाही.

आणि लगेच काढता येतं? 1993 मध्ये डी. के. यादव प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवलंय, की गैरहजेरीमुळे नोकरी आपोआप संपते असं स्थायी आदेशात, म्हणजे कंपनीच्या नोकरीच्या नियमांत, लिहिलेलं असलं तरी म्हणणं ऐकून न घेता काढता येत नाही. म्हणून माझ्याकडे कुणी विचारायला आलं की मी पहिल्यांदा एकच विचारते, न येण्याचं कारण लेखी कळवलंय का? फोनवर सांगितलं असेल तर आजच मेसेज टाका. तारीख, ताप किती, घरात कोण आजारी, घरून कोणतं काम करू शकता, सगळं लिहा. आणि राजीनाम्याचा कागद पुढे आला, तर त्या दिवशी सही करू नका, घरी घेऊन या.