इंग्लंडच्या खेड्यांना पोलीस पील यांनी दिले नाहीत

‘१८२९ मध्ये रॉबर्ट पील यांनी इंग्लंडमध्ये पोलीस दल स्थापन केले आणि तीच व्यवस्था पुढे भारतात आली.’ स्पर्धा परीक्षांच्या टिपणांतून हे वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय. मुलं ते पाठ करतात, म्हणून त्याचा एकेक तुकडा तपासायलाच हवा.

‘इंग्लंडमध्ये’? पील ब्रिटनचे गृहमंत्री असताना झालेला १८२९ चा कायदा लंडन महानगरापुरता होता. जुन्या ‘सिटी’ भागालाही तो लागू नव्हता. खेड्यात पॅरिशचा (चर्चच्या हद्दीतल्या गावाचा) कॉन्स्टेबल असे, बहुधा बिनपगारी, वर्षभरासाठी नेमलेला, आपला धंदा सांभाळून चोर पकडणारा. १८३० मध्ये नैर्ऋत्य इंग्लंडमधल्या विल्टशायर परगण्याच्या शेतमजुरांनी मळणीयंत्रं फोडली, तेव्हा टिसबरीजवळ त्यांच्यावर जमीनदारांचं स्वयंसेवी घोडदळ चालून गेलं आणि एक मजूर मारला गेला. लंडनचे नवे पोलीस असूनही खेड्याची गत ही होती.

‘पील यांनी’? परगण्यांच्या (काउंटींच्या) पोलिसांचा कायदा झाला १८३९ मध्ये, पंतप्रधान मेलबर्न यांच्या सरकारात. गृहमंत्री होते लॉर्ड जॉन रसेल. पील विरोधी बाकांवर होते. शिवाय या कायद्याची सक्ती नव्हती. पोलीस ठेवायचे की नाही, हे परगण्याचे मॅजिस्ट्रेट, म्हणजे बहुतेक स्थानिक जमीनदारच, ठरवत. खर्च परगण्याच्या करातून, आणि हजार लोकवस्तीमागे एकाहून जास्त शिपाई नाही. विल्टशायरने सर्वांत आधी, त्याच वर्षी दल उभारलं. मुख्य कॉन्स्टेबल म्हणून नौदलातले कॅप्टन सॅम्युएल मेरेडिथ आले. शेजारच्या सॉमरसेट आणि बर्कशायरमध्ये मात्र १८५६ उजाडलं. कर वाढेल आणि लंडनचं सरकार आपल्या कारभारात नाक खुपसेल, ही धास्ती परगण्यांमध्ये खोलवर होती. १८५६ मध्ये सक्ती आली तीही आमिषासकट: सरकारी निरीक्षकाने दल कार्यक्षम ठरवलं, तर पगार-गणवेशाचा चौथा हिस्सा तिजोरीतून. तोवर पील वारूनही सहा वर्षं झाली होती.

‘तीच व्यवस्था भारतात’? हे तर सर्वांत चुकीचं. सिंध जिंकणारे ब्रिटिश सेनापती चार्ल्स नेपियर यांनी १८४३ मध्ये सिंधमध्ये पोलीस उभारले ते आयर्लंडच्या नमुन्यावर: सशस्त्र, बराकीत राहणारे, वरच्या हुकमाने चालणारे. विल्टशायरचा शिपाई मात्र गावातल्याच घरात राहायचा आणि रात्री पायी गस्त घालत ठरल्या जागी शेजारच्या शिपायाला भेटायचा. १८४७ मध्ये सिंध मुंबई इलाख्याला जोडला गेला आणि १८५३ मध्ये इलाख्याच्या जिल्ह्यांत पोलीस अधीक्षक नेमले गेले, ते सिंधचा कित्ता गिरवून. इंग्लंडमध्ये १८८८ च्या कायद्याने विल्टशायरच्या पोलीस समितीतल्या निम्म्या जागा निवडून आलेल्या सदस्यांना मिळाल्या. पुण्या-साताऱ्याच्या शेतकऱ्याला आपल्या जिल्ह्याच्या पोलिसांवर तसा माणूस बसवण्याची सोय नव्हती.