हाताची घडी, तोंडावर बोट

हाताची घडी घातली की माणूस काहीतरी लपवतोय, नाक खाजवलं की खोटं बोलतोय, नजर चुकवली की मनात पाप. रोज एक तरी असं रील समोर येतंच. ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ करत आमच्या अख्ख्या पिढीची शाळा सरली. सगळेच काय लपवत होतो बे?

या रीलवाल्या पंडितांचा लाडका आकडा म्हणजे बोलण्यात शब्द 7 टक्के, आवाज 38 आणि देहबोली 55. हा आला मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांच्या 1967 च्या प्रयोगांतून. सुटा शब्द, त्याचा सूर आणि चेहरा यांचा मेळ बसत नसेल, तर ऐकणारा समोरच्याची आवड-नावड कशावरून ठरवतो, एवढाच तिथला प्रश्न. सगळ्या बोलण्याला हे लागू नाही, असं खुद्द मेहराबियननीच सांगून ठेवलंय. नाहीतर तेलुगूचा गंध नसलेल्यानं आमच्या सोलापूरच्या तेलुगू बोलणाऱ्या पूर्व भागात जाऊन 93 टक्के गप्पा समजून घेऊन दाखवाव्यात!

खोटं पकडण्याचंही तेच. चार्ल्स बाँड आणि बेला डीपॉलो या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये तोवरचे ढीगभर अभ्यास एकत्र तपासले. खरं की खोटं हे ओळखण्यात माणसं सरासरी 54 टक्के वेळा बरोबर निघाली. छापा-काटा केला तरी 50 येतात.

हसून सोडून दिलं असतं. पण आमच्या भाच्याला पुण्यात एका कंपनीनं ‘आय कॉन्टॅक्ट नाही, कॉन्फिडन्स कमी’ म्हणून परत पाठवलं. पोरगं अक्कलकोट तालुक्यातलं. मोठ्यांसमोर नजर खाली ठेवायची हे घरातलं वळण. एखादी मोटार उघडून पुढ्यात ठेवली असती, तर कॉन्फिडन्स दिसला असता.

गड्ड्याच्या, म्हणजे आमच्या सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांतला जनावरांचा बाजार आठवा. टॉवेलखाली हात घालून बोटं दाबत बैलाचा भाव ठरतो, आणि वर दोघांचे चेहरे मख्ख. कुठलं बोट म्हणजे किती, हे दोघांनी आधीच मानलेलं असतं, म्हणून ती खूण चालते. नाक खाजवण्याचा अर्थ कोणी कोणाशी ठरवलाय?

आता मीही माणसं वाचतो, नाही कशाला म्हणू. निम्मी हयात चादरी विकण्यात गेली. बाई म्हणतात, ‘दुसरी दाखवा’, पण बोटं पहिल्या चादरीच्या काठावरच. मग ती उलटून बघतात, चिमटीत धरून चोळतात. मी दुसरी उघडतो, पण पहिली घडी घालून आत टाकत नाही. तरी कित्येकदा तशाच उठून जातात. पैसे कमी असतील, सासूला विचारायचं असेल, नाहीतर मे महिन्याच्या उन्हातून येऊन नुसतं पंख्याखाली बसायचं असेल. चादर आवडली एवढं हात सांगतो, का घेत नाहीत ते सांगत नाही. त्याला तोंडच उघडावं लागतं: ‘अक्का, रंग नको का भाव?’

ओळखीच्या माणसाचं जरा बरं असतं, कारण एरवीचं वागणं माहीत असतं. आम्हाला माल देणारा यंत्रमागवाला दारातूनच ओरडत येतो. परवा गपचूप आला, बिल पुढं सरकवलं, गालाला हात लावून बसला. मी मनात म्हटलं, सूत महागलं, आता हा भाव वाढवणार. चहा मागवला तर नको म्हणाला. काय झालं विचारलं.

दाढ दुखत होती.