काळं हाड, जड हाड आणि ‘लाखो वर्षं’

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या ग्रुपांवर सध्या एक फॉरवर्ड फिरतोय. शिरोडा, वेंगुर्ला किंवा कारवारच्या वाळूत काळं, दगडासारखं जड हाड दिसलं की ते देवमाशाचं लाखो वर्षांपूर्वीचं जीवाश्म समजा. जिभेला लावा, चिकटलं तर पक्कं. तापवलेली सुई टेकवा, केस जळल्याचा वास आला नाही तर आणखी पक्कं. कार्बन डेटिंगला द्या, वय निघेल. आपला बेळगावचा भागही पूर्वी समुद्राखालीच होता. हाड घरी जपून ठेवा, लाखो रुपये येतात. चोर्ल्याने, आंबोलीने रविवारी समुद्रावर उतरणारी आपलीच मंडळी हे पुढे ढकलतात, म्हणून उत्तर देणं भाग आहे.

रंगाचं चटकन उरकू. काळेपणा वय सांगत नाही, हाड कुठे पडून होतं ते सांगतो. खाडीच्या चिखलात ऑक्सिजन नसतो, तिथे लोहाचे सल्फाइड हाडात मुरतात आणि अलीकडे मेलेल्या म्हशीचं हाडही काळं पडतं. उलट कितीतरी खरी जीवाश्मं फिकट, पिवळट असतात.

वजनाच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे. हाडाच्या छिद्रांत खनिजं भरली की ते जड होतं, हे बरोबर. पण सगळ्या प्राण्यांची हाडं मुळात सारख्या घडणीची नसतात. देवमाशाचं हाड आतून आंबोळीसारखं जाळीदार, त्या जाळीत तेल. गुरांच्या पायाच्या हाडात असते तशी मज्जेची पोकळी त्यात नाही, आणि वाळलं की आकाराच्या मानाने ते हलकंच लागतं. याच देवमाशाच्या कानाचं हाड मात्र जिवंतपणीच विलक्षण घट्ट असतं. म्हणून तर १८७२ ते १८७६ या काळात जगभर फिरलेल्या ‘चॅलेंजर’ जहाजाला खोल समुद्रतळावरून ही कानाची हाडं मिळाली, बाकीचा सांगाडा विरघळून गेलेला. तिसरा प्राणी समुद्रगाय, म्हणजे डुगाँग. तिची बरगडी सबंध भरीव. पाण्यात खाली राहायला ते वजन तिला कामाला येतं. मागच्या वर्षी मेलेल्या डुगाँगची बरगडीसुद्धा हातात घेतली तर दगड वाटेल. आज आपल्याकडे डुगाँग कच्छ, मन्नार-पाल्क आणि अंदमानच्या पाण्यात आहेत, म्हणून कोकणात ती शक्यता कमी. मुद्दा एवढाच की हाड कुठल्या प्राण्याचं आणि शरीरातलं कुठलं, हे कळल्याशिवाय ‘जड’ म्हणण्याला अर्थ नाही.

जीभ चिकटते ती बारीक छिद्रांमुळे. कोरडं ताजं हाडही चिकटतं, आणि छिद्रं पूर्ण भरलेलं जीवाश्म चिकटतही नाही. (किनाऱ्यावर मेलेल्या जनावराला जीभ लावायची कल्पना कुणाला सुचली असेल, देव जाणे.) सुईची परीक्षा एकाच बाजूने चालते. वास आला तर हाडात कोलॅजन (हाडातलं प्रथिन) शिल्लक आहे, तेव्हा लाखो वर्षं विसरा. वास नाही आला तर मात्र काहीच ठरत नाही, कारण आपल्या उष्ण, दमट हवेत कोलॅजन तसंही लवकर जातं. हाडाला डाग पडतो तो वेगळाच.

कार्बन डेटिंगने लाखो वर्षं? या पद्धतीत मोजतात तो किरणोत्सर्गी कार्बन-१४ दर ५,७३० वर्षांनी निम्मा होतो. सुमारे ५०,००० वर्षांपलीकडे मोजण्याजोगं काही उरतच नाही.

आता समुद्राचं. गोकाकचा धबधबा ज्या खडकावरून कोसळतो तो कलादगी थराचा वालुकाश्म, आणि या थरांत उथळ पाण्यातल्या लाटांच्या खुणा आहेत. म्हणजे समुद्र होता, खरंच होता. पण ती गोष्ट १०० कोटी वर्षांहून जुनी. तेव्हा मासाही नव्हता, मग देवमासा कुठला? देवमाशांचे पूर्वज पाण्यात उतरले ते साधारण ५ कोटी वर्षांपूर्वी. त्या काळचे सागरी थर कच्छमध्ये आहेत, तिथे कच्छिसेटस, रेमिंग्टनोसेटस हे आद्य देवमासे सापडले. कोकणचा काळा कातळ सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आणि कारवारकडचा नाइस नावाचा खडक त्याहून कितीतरी जुना. या दोन्हींतून देवमासा निघणार नाही. किनाऱ्यालगतच्या गाळातून काही हजार वर्षांचं हाड वर येऊ शकतं, पण बहुधा ते अलीकडचंच असतं. जून २०१५ मध्ये रेवदंड्याला निळा देवमासा लागला, नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याला पिल्लू. शिवाय पावसाळ्यात काळी आणि तेरेखोल या नद्या गुरांची हाडं समुद्रात नेतात ती निराळी.

ओळख पटवायचीच असेल तर मणका बघा. गाय-म्हशीच्या मानेच्या मणक्याला पुढे गोल उंचवटा आणि मागे खोलगट भाग असतो. देवमाशाच्या मणक्याच्या दोन्ही बाजू जवळजवळ सपाट, आणि पिल्लाचा असेल तर त्यावरच्या चकत्या सुट्या झालेल्या.

राहिले लाखो रुपये. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात देवमासा, डॉल्फिन, डुगाँग सगळे संरक्षित आहेत. मेलेल्या प्राण्याचं हाडही सरकारची मालमत्ता ठरतं, ते हाती आल्यावर ४८ तासांत कळवावं लागतं. हाड जितकं ताजं तितकं ते घाटावर आणणं अंगाशी येणार. ते तिथेच राहू द्या, शेजारी पेन ठेवून फोटो काढा: मणक्याच्या दोन्ही बाजू आणि तुटलेला भाग, म्हणजे आतली जाळी दिसेल. जागा लिहून घ्या आणि तिथल्या वनखात्याला फोन करा.