साल सुटणारी झाडं : सांगलीहून आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

बागेतल्या साल सोडणाऱ्या झाडांवरच्या माझ्या लेखाला सांगलीच्या एका वाचकांची प्रतिक्रिया आली आहे. थोडक्यात अशी : 'मॅडम, साल निघणं नैसर्गिक असतं असं तुम्ही बिनधास्त लिहून टाकलंत. तुमच्यावर विसंबून मी पेरूकडे बघितलं नाही. फांदी वाळली, आत अळी निघाली. ताम्हणावर दोनच ओळी आहेत, फोटोही धूसर. घरात बसून असं लिहिणं सोपं असतं.'

फोटो धूसर आहे, मान्य. उजेड गेल्यावर काढला होता, बदलते. ताम्हणाचं म्हणाल, तर फुलांसाठी लावलेल्या झाडाच्या सालीवर दोन ओळी पुष्कळ झाल्या.

आता ते 'घरात बसून'. दादा, माझे वडील साताऱ्यात लोकांच्या बंगल्यांच्या बागा सांभाळायचे आणि सुट्टीत मी त्यांच्या मागे पिशवी घेऊन हिंडायचे. गुलाबाला डोळा भरायच्या, म्हणजे दुसऱ्या गुलाबाचा डोळा सालीखाली बसवून कलम करायच्या आधी ते चाकूच्या टोकाने साल जराशी उचलून बघायचे. खालचं लाकूड ओलं, बुळबुळीत असलं आणि साल अलगद सुटली, तर काम सुरू. चिकटून बसली, तर चाकू पुसून खिशात. ती साल जिवंत असते, तिच्यातूनच पानांनी केलेलं अन्न खाली मुळांपर्यंत जातं. पेरूचे जे पापुद्रे गळतात ती बाहेरची मेलेली साल. एवढा फरक मला लिहिता-वाचता यायच्या आधीपासून कळतो. तुम्हाला कळला नसेल तर विचारायचं होतं, सांगितलं असतं. डाफरायचं काय कारण?

बरं, आता पुन्हा सांगते. खोड आतून जाड होत जातं. वरचा मेलेला थर ताणला जात नाही, म्हणून तडकतो. आंबा, कडुनिंब तो तडकलेला थर वर्षानुवर्षं अंगावर बाळगतात. अर्जुन मोठमोठ्या पातळ पोपड्यांनी टाकतो, निलगिरी लांब पट्ट्यांनी. पेरूचा तांबूस पापुद्रा निघाला की खाली गुळगुळीत, हिरवट खोड दिसतं. त्यावर नखाने अगदी हलकं खरवडलं आणि ओला हिरवा रंग दिसला, तर झाड मजेत आहे. कोरडं तपकिरी लागलं, तर नाही.

तुमची अळी साल सोडवत नाही, खाते. दिवसा फांदीच्या बेचक्यात भोक पाडून दडते, रात्री बाहेर येऊन साल कुरतडते. खोडावर भुसा, विष्ठा आणि रेशमी धागे यांची तपकिरी जाळी लोंबते, मळकट चिंधी चिकटावी तशी. ही जाळी, डिंक किंवा ओला काळपट डाग दिसला तर थांबू नका, हे माझ्या लेखात आहे. शेवटून दुसरा परिच्छेद. तिथवर पोचला नसाल तर त्याला मी काय करू? आणि फांदी काही एका रात्रीत वाळत नाही; तोवर तुम्हीही घरातच बसला होतात, असं मी म्हटलं तर चालेल का?

असो. पेरू वाचवायचा असेल तर जाळी खरवडून काढा, भोकात तार घालून अळी मारा, रॉकेलमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा आत सारा आणि वरून चिखलाने लिंपा. वाळलेली फांदी जिवंत लाकडापर्यंत कापा, कापल्या जागी बोर्डो पेस्ट, म्हणजे बुरशी रोखणारा लेप लावा : 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 10 लिटर पाणी. एका झाडाला याच प्रमाणात थोडीच करा, प्लास्टिकच्या भांड्यात, लोखंडाच्या नाही. मात्र चांगल्या खोडावरचे पापुद्रे 'साफसफाई' म्हणून ओरबाडू नका. सांगलीत तसं करणारेही मी पाहिलेत, तुम्ही त्यातले नसाल.

पुढचा फोटो पाठवाल तेव्हा बेचक्याचा पाठवा, पानांचा नको. आणि मॅडम नको, ताई म्हणा.