थँक्यू म्हण बरं!

"काकूंना थँक्यू म्हण. म्हण ना! अगं, मोठ्याने!"

आमच्या लिफ्टमध्ये हे रोज ऐकू येतं. मीही वर्षभर हेच केलं. आता माझी सहा वर्षांची लेक खोकला आल्यासारखं थँक्यू म्हणते. कोणाला, कशाबद्दल, काही पत्ता नसतो. खरं सांगू? 'मुलीला वळण नाही' असं कुणी म्हणू नये, एवढ्यासाठीच आपण मुलांकडून तो शब्द वदवून घेतो.

आमच्या लहानपणी घरात कुणी थँक्यू म्हणत नसे. मी म्हटलं असतं तर आईने कपाळाला हात लावून ताप बघितला असता! पण पानावरून उठताना आजोबा 'अन्नदाता सुखी भव' म्हणायचे. दिवाळीची पोस्त आजी आम्हा पोरांच्या हातूनच द्यायची. आणि शेजारून आलेला डबा रिकामा परत जात नसे. काही नसलं तर चिमूटभर साखर.

यंदा पोळ्याला लेकीला माहेरी नेलं, यवतमाळकडे. आदल्या संध्याकाळी खांदशेकणी. बाबांनी बैलांचे खांदे कोमट पाण्याने शेकले, तूप-हळद चोळली आणि म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या."

लेक फिदीफिदी हसली. "आबा, त्याला कळतं का?"

बाबांनी तिचा हात धरून जू बसतं तिथे ठेवला. "पाह्य, कसं घट्ट झालं."

तिथले केस झडलेले, कातडी टाचेसारखी. ती बोटं फिरवत राहिली.

"दुखतं?"

"आता नाही दुखत."

"मग आधी?"

बाबा नुसतेच तूप चोळत राहिले. दुसऱ्या दिवशी पुरणपोळी आधी बैलांना, मग आम्हाला. लेकीने एकदाही 'मला भूक लागली' म्हटलं नाही.

गावाकडचं सगळं गोड असतं, असं नाही. त्याच बैलांना पुढच्या हंगामात तुतारी, म्हणजे टोकाला खिळा असलेली काठी, टोचली जाणार, हे मलाही ठाऊक आहे. पण कुणाच्या खांद्यावर आपलं चाललंय, ते हात लावून बघितल्यावर मला निदान 'म्हण ना' करावं लागलं नाही.

परवा शेजारच्या काकूंनी डबाभर आळूवड्या दिल्या. लेक थँक्यू विसरली. काकूंनी माझ्याकडे 'तसं' बघितलं. मी गप्प बसले.

संध्याकाळी डबा घासून ठेवला, तर त्यात तिने स्वतःच्या वाटणीचा पेरू घातलेला. अर्धा खाल्लेला.

तस्साच दिला मी.