क्लचमधला ‘च’

२६ वर्षं मी नववीला गणित शिकवते आहे. किती मुलांच्या प्रगतिपुस्तकात लाल रेघ ओढली याचा हिशेब मी ठेवलेला नाही. त्यांनी ठेवला असावा. मी स्वतः मात्र आजवर एकदाही नापास झालेले नाही. गुपित सोपं आहे. जिथे नापास होण्याची शक्यता असेल तिकडे मी फिरकतच नाही. पोहायला गेले नाही, गाण्याच्या क्लासला गेले नाही आणि उकडीचे मोदक आजही शेजारच्या काकूंकडून विकत घेते.

अशा बाईने ५१व्या वर्षी चारचाकी शिकायला घेतली.

शिकवणाऱ्या सरांच्या पायाशी जादाचा क्लच आणि ब्रेक होता. म्हणजे मी कितीही माती खाल्ली तरी गाडी थांबणार होती. तरीही चढावर ती आचके देऊन बंद पडली, की माझ्या डोक्यातल्या बाई सुरू व्हायच्या. ‘एवढं साधं जमत नाही? मागचा रिक्षावाला बघ कसा बघतोय! टेस्टला अशीच बंद पडली की स्टाफरूममध्ये कुठल्या तोंडाने जाणार? पोरं फळ्यावर गाडी काढतील, शेजारी तुझं चित्र!’ आवाज फार ओळखीचा वाटायचा. चार दिवसांनी उमगलं, तो माझाच होता. बुधवारच्या पाचव्या तासाचा.

माझी भाची मानसशास्त्र शिकते. तिने मला अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस ऐकवला. मुलींशी बोलायला घाबरणारा हा पोरगा १९व्या वर्षी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स वनस्पती उद्यानात महिनाभर ठाण मांडून बसला आणि शंभरेक बायकांशी स्वतःहून बोलला. भेटायला येते म्हणाली फक्त एक, आणि तीही आली नाही. पण आभाळही कोसळलं नाही, आणि त्याची भीती पळाली. (हाच प्रयोग सारसबागेत केला असता तर तिसऱ्या बाकाशीच आटोपला असता.) पुढे १९५५च्या सुमारास त्याने उपचारपद्धतीच उभी केली. सार असं, की माणूस जे घडतं त्याने तेवढा खचत नाही, जेवढा त्याबद्दल स्वतःला जे बजावत राहतो त्याने खचतो.

“आत्या, तुझा सगळा घोळ ‘च’मध्ये आहे,” भाची म्हणाली. “पास झालं‘च’ पाहिजे. तो ‘च’ काढ. पास झाले तर आवडेल, नाही झाले तर वाईट वाटेल, एवढंच म्हण.”

“‘एवढंच’मध्ये पण ‘च’ आहे,” मी म्हणाले. तपासणीची सवय जात नाही.

आमच्या मराठीच्या बाई सांगतात, की ‘च’ हे शुद्ध शब्दयोगी अव्यय आहे. शुद्ध असेल, पण चिकट फार. मी आरशासमोर उभी राहून ‘मी उत्तम गाडी चालवते’ म्हणून पाहिलं, तर डोक्यातल्या बाई फिसकन हसल्या. मग ठरवलं, आपण शांत राहायचं. दुसऱ्या दिवशी चढावर घामाघूम होत स्वतःला दरडावत होते, ‘शांत राहिलंच पाहिजे!’

“मॅडम, क्लच सोडा,” सर ओरडले. मला ऐकू आलं, ‘च’ सोडा.

शेवटी कामी आला तो माझाच एक जुना डाव. वर्गातल्या अगदी कच्च्या पोराशी मी कधीच खेकसून बोलत नाही. उपयोग नसतो. त्याला म्हणते, ‘चुकलं? बरं. कुठल्या पायरीवर?’ तेच स्वतःला विचारायला लागले. ‘बंद पडली? बरं. क्लच लवकर सुटला. हँडब्रेक ओढ, न्यूट्रल कर, पुन्हा स्टार्टर.’ मागून हॉर्न वाजत होते. वाजू दिले.

टेस्टच्या दिवशी शाळेत सांगितलं, दात काढायचाय. (सुधारणा होते, पण एका दिवसात किती?) आरटीओच्या रांगेत मागून आवाज आला, “बाई, तुम्ही?” नववीत मी ज्याला दोनदा गणितात उडवला होता, तोच. आता मिशा आलेल्या.

“माझी तिसरी वेळ,” तो मजेत म्हणाला.

“भीती नाही वाटत?”

“नापास व्हायची सवय तुमच्याच तासाला लागली, बाई.”

त्याला नियम तोंडपाठ होते. नापास झालं तर सात दिवसांनी पुन्हा यायचं. तीनदा झालं तर साठ दिवस थांबायचं, मग पुन्हा. १९८८चा मोटार वाहन कायदा माझ्यापेक्षा कितीतरी प्रेमळ निघाला. त्यात कुठेही ‘पालकांना भेटायला बोलवा’ असं नाही.

माझी पाळी आली. पाय लटपटत होते, ते लटपटू दिले. चढ चढले. गाडी बंद पडली नाही! आणि रिव्हर्सला मागचं चाक दिमाखात रेघेवर चढवलं. इन्स्पेक्टरने मान न वर करता कागदावर काहीतरी खरडलं. लाल शाईने नव्हे, एवढं पाहून घेतलं.

मिशाळ पास झाला. पेढे आणायला निघालेला, मला पाहून परत आला.

“सात दिवसांनी या, बाई,” तो हळूच म्हणाला. “इथे पेपर बदलत नाहीत.”