क्रांतिसिंह सगळ्यांना ठाऊक, पण खासदार नाना पाटील?

साताऱ्याच्या सिव्हिल हॉस्पिटलला क्रांतिसिंह नाना पाटलांचं नाव आहे. शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयालाही त्यांचंच. आमच्या वाळवा तालुक्यात तर पोरांना शाळेत जायच्या आधी नाना माहीत होतात. पत्री सरकार, म्हणजे इंग्रजांविरुद्ध गावोगावी उभं राहिलेलं प्रतिसरकार, शेणोलीची रेल्वे लूट, त्या सरकारचं दल असलेली तुफान सेना, सगळं पाठ. पण नाना दोन वेळा लोकसभेवर निवडून गेले होते, हे विचारा. चांगली शिकलेली माणसंही गप्प बसतात. गेली काही वर्षं मी हे बघतोय आणि दर निवडणुकीला मला ते जास्त खुपतं. म्हणून आज जरा सविस्तर लिहितोय.

नानांचा जन्म ३ ऑगस्ट १९०० चा. गाव येडे मच्छिंद्र. पुढं तलाठ्याची नोकरी. त्या काळात तलाठी म्हणजे गावात केवढा मान! पगार बांधलेला, दप्तर हातात, सावकारापासून कुळापर्यंत सगळे दारात. ती नोकरी त्यांनी १९३० च्या कायदेभंगात सोडून दिली. चरित्रात हे एका ओळीत उरकतात. मला मात्र पुढच्या सगळ्या कामाची मुळं त्या दप्तरातच दिसतात. कुणाची जमीन कुणाकडं गहाण पडलीय, वसुलीच्या वेळी कुणाच्या घरातली भांडी बाहेर येतात, फेरफार कसा होतो आणि कसा अडवला जातो, हे ज्यानं आतून पाहिलं, तोच माणूस पुढं प्रतिसरकारच्या न्यायदान मंडळांमागं उभा होता. त्या मंडळांपुढं येणारी भांडणं तरी कसली? बांधाची, सावकारीची, गहाणखताची, टाकलेल्या बाईची.

१९४३ ते १९४६ या काळात सातारा जिल्ह्यातल्या शेकडो गावांत इंग्रजांचं राज्य नावापुरतं उरलं होतं. त्या आधीच्या सप्टेंबरात वडूजला आणि इस्लामपूरला मोर्चांवर गोळीबार झाला होता, माणसं मेली होती, आणि मोर्चे काढून भागणार नाही हे इथल्या लोकांना कळून चुकलं होतं. गुंडांना आणि खबऱ्यांना तळपायावर फटके बसायचे, तेही खरं. ते झाकून ठेवायची गरज नाही. पण आपण तेवढंच सांगत बसतो आणि गांधी पद्धतीची लग्नं विसरतो. माझ्या आजीचं लग्न तसं झालं. दोन सुताचे हार, खादीचं लुगडं, वऱ्हाडाला गूळ-शेंगा, संपलं. मानपान नाही, बँड नाही. आजी म्हातारपणी सांगायची, "माझ्या लग्नापायी बापाचं रान गहाण पडलं नाही." तिच्या दोन्ही थोरल्या बहिणींच्या लग्नात पडलं होतं. मला प्रतिसरकार समजलं ते आजीच्या या एका वाक्यातनं.

नाना भूमिगत होते, इकडं घर आणि जमीन जप्त. त्यांची लेक हौसाताई त्या हालातच वाढली आणि पुढं स्वतः लढ्यात उतरली. २०२१ साली त्या गेल्या, तेव्हा दोन दिवस बातम्या आल्या नि थांबल्या.

आता खासदारकीकडं येतो. स्वातंत्र्य मिळालं, काँग्रेसची सत्ता आली. नानांसारख्या माणसाला तिथं काय कमी पडलं असतं? ते बाहेर पडले. आधी शेतकरी कामगार पक्ष, मग कम्युनिस्ट पक्ष. पक्षांतराला आज आपण नावं ठेवतो, तर हे पक्षांतरही नीट बघायला हवं. सत्ता दारात आलेली असताना माणूस विरोधी बाकाकडं चालत गेला. अशी दिशा धरणारे मला आजूबाजूला दिसत नाहीत.

१९५७ ची निवडणूक संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर झाली. द्वैभाषिक मुंबई राज्य लादलं गेलं होतं, माणसं गोळीबारात गेली होती आणि पश्चिम महाराष्ट्र पेटला होता. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री, तेही आपल्याच देवराष्ट्र्याचे, कऱ्हाडातून कसेबसे निवडून आले. त्याच लाटेत नाना उत्तर साताऱ्यातून लोकसभेवर गेले. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला पंडित नेहरू प्रतापगडावर शिवरायांच्या पुतळ्याच्या अनावरणाला आले आणि संयुक्त महाराष्ट्र समितीनं निदर्शनं केली. तेव्हा साताऱ्याचा आवाज दिल्लीत कोण होतं, हे लक्षात घेतलं की त्या निदर्शनांचं वजन कळतं.

लोकसभेत मराठीतून बोलणारे पहिले खासदार म्हणून नानांचं नाव घेतलं जातं. राज्यघटनेच्या कलम १२० नुसार संसदेचं काम हिंदी किंवा इंग्रजीत चालतं. ज्या सदस्याला या दोन्ही भाषांत नीट बोलता येत नाही, त्याला अध्यक्ष मातृभाषेत बोलायची परवानगी देऊ शकतात. या तरतुदीकडं कुणी कमीपणा म्हणून बघत असेल, तर मी त्याच्याशी भांडेन. गावोगावच्या पारांवर, देवळांसमोर ज्या बोलीत त्यांनी तासन्‌तास माणसं बसवून ठेवली, तीच बोली घेऊन ते सभागृहात उभे राहिले. आज तिथं मराठी भाषणाच्या भाषांतराची सोय आहे. तरी आपले किती खासदार शेतीच्या प्रश्नावर आपल्या भाषेत बोलतात, ते तुम्हीच आठवून बघा.



साताऱ्याची पुढची यादीही बघण्यासारखी आहे. १९६२ ला किसन वीर, १९६७ ला यशवंतराव. पक्ष वेगळे, स्वभाव वेगळे, एकमेकांविरुद्ध राजकारण केलेली माणसं. पण तिघंही बेचाळीसच्या भूमिगत चळवळीतली. किसन वीर तर येरवड्याच्या तुरुंगातून निसटलेले. सलग तीन खासदार असे, ज्यांना मतदारानं सत्तेच्या आधी पारखून घेतलं होतं. पोस्टरवरचा चेहरा बघून मत द्यायची वेळच नव्हती. हा माणूस रात्री आपल्या वस्तीवर भाकरी खाऊन गेलाय, पोलीस आले तेव्हा त्यानं आपलं नाव सांगितलं नाही, एवढं लोकांना माहीत होतं.

१९६७ ला नाना पुन्हा निवडून आले, आणि कुठून? बीडमधून! वाळवा तालुक्यातला माणूस मराठवाड्यात उभा राहतो आणि लोक त्याला दिल्लीला पाठवतात. आज उमेदवार शेजारच्या तालुक्यातला असला तरी "उपरा" म्हणून बोंब होते. बीडच्या शेतकऱ्याला नाना उपरे वाटले नाहीत, कारण त्याचं दुखणं त्याच्याच शब्दांत मांडणारा माणूस त्याला मिळाला होता. ती लोकसभा मुदतीआधीच, १९७० च्या डिसेंबरात, विसर्जित झाली. ६ डिसेंबर १९७६ ला मिरजेत नाना गेले आणि त्यांच्या इच्छेप्रमाणं वाळव्यात त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले.

हल्ली उमेदवार प्रतिज्ञापत्र भरतो. मालमत्ता, कर्ज, गुन्हे, शिक्षण. हा कागद हवाच, पण त्यावर नाना कसे दिसले असते याचा विचार मी बरेचदा करतो. स्थावर मालमत्ता एकेकाळी सरकारजमा. गुन्ह्यांचा रकाना गच्च भरलेला. नोकरी सोडलेली. त्या रकान्यांत न मावणारं जे आहे, कुणाचं रान सोडवलं, कुणाचं लग्न कर्जाविना लावलं, कुणाच्या भांडणात खरं बोलला, ते आपण उमेदवाराला प्रचारसभेत विचारायला हवं. दारात मत मागायला आला की विचारायला हवं. तुमचे वडील कोण, हे आम्हाला माहीत आहे. तुम्ही निवडणुकीच्या आधी काय करत होता, ते सांगा. आमच्या गावात गेल्या वेळी दोघातिघांनी हे विचारलं, तर कार्यकर्तेच अंगावर आले. तरीही विचारायचं सोडू नये असं माझं म्हणणं आहे.

नानांची संसदेतली भाषणं आपल्या जिल्ह्यांतल्या प्रत्येक गावच्या वाचनालयात मिळायला हवीत. माझ्या गावच्या वाचनालयात चरित्रं आहेत, भाषणं नाहीत. लोकसभेचं जुनं कामकाज संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात कुणालाही बघता येतं. इतिहासाच्या आणि राज्यशास्त्राच्या प्राध्यापकांनी चार विद्यार्थी बसवले तर १९५७ ते १९६२ आणि १९६७ ते १९७० एवढ्या काळातलं सगळं शोधून होईल. त्यांनी कुठले प्रश्न विचारले, कशावर बोलले, सरकारनं काय उत्तर दिलं, हे एकदा समोर येऊ दे. संगणकावर टायपिंगचं काम मी करीन, रात्री बसून करीन, पैसे नकोत.

आणि एक विनंती. माण, खटाव, कोरेगाव, वाई, पाटण भागातल्या मंडळींनी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना १९५७ च्या प्रचाराबद्दल विचारावं. पत्रक, बिल्ला, सभेचा फोटो, काहीही माळ्यावर पडलेलं असेल तर मोबाईलवर फोटो काढून इथं खाली टाका. बीडकडचे जे कुणी हे वाचत असतील त्यांनी १९६७ चं सांगावं. नाना तिकडं कुणाच्या घरी उतरायचे, सभा कुठं व्हायच्या, हे ऐकायची मला फार इच्छा आहे.